सुवार्ताबाईंनी दिलेले गुण

६ डिसेंबर १९४९. आज बोर्डिंगच्या गाद्या. थंडी पडली की जुना कापूस पिंजून घ्यायचा, खोळी भरायच्या आणि दाभणाने टाके घालायचे. हे काम मी मेट्रन झाल्यापासून दुसऱ्या कोणावर सोडलेलं नाही. मुलींवर सोडलं तर टाके वीतवीत अंतरावर पडतात आणि संक्रांतीच्या आत सगळा कापूस एका कोपऱ्यात जाऊन बसतो.

सकाळी सातला दाभण हातात घेतलं आणि ते खाली पडलं. उचललं, पुन्हा पडलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं मिटेनात. डाव्या हाताचीही तीच दोन. महिनाभर असंच चाललंय. मी थंडीवर ढकलत होते.

आमची स्वयंपाकीण हौसाबाई दारातून बघत होती. ती म्हणाली, "मेट्रनबाई, वात हाय ह्यो. तिसगावच्या बुवाची पुडी खावा."

"बुवा वारले ना?"

"बुवा गेलं, पर लेक बसतो की आता. माज्या भावजयीला चार दिसात गुन आला." तिने कनवटीची पुडी काढून माझ्यापुढे धरली.

मी पुडी उघडली. राखाडी चूर्ण, वर सुंठीचा वास. पुन्हा घडी घातली, खिडकीत ठेवली, आणि कपाटातून सुवार्ताबाईंची वही काढली. गाद्या दुपारपर्यंत थांबल्या.

सुवार्ताबाई आमच्या मिशनच्या शाळेत भूगोल आणि गणित शिकवायच्या. आईबापांनी हौसेने सुवार्ता नाव ठेवलेलं, म्हणजे चांगली बातमी. पण त्यांच्याकडे चांगली बातमी घेऊन जायची कोणाची छाती नव्हती. त्या चष्म्यावरून बघत आणि विचारत, "कशावरून?" पाळकसाहेबांनी एकदा उपासनेत सांगितलं की पुढच्या नाताळापर्यंत चर्चचं छप्पर नवं होईल. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. बाहेर पडताना बाई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. "कशावरून?" पाळकसाहेब म्हणाले, "विश्वासावरून, बाई." बाई म्हणाल्या, "मी कौलांचं विचारते आहे."

दूध आलं की त्या एक थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन उतार बघत. पत्र आलं की आतली तारीख टपालाच्या शिक्क्याशी ताडून मगच वाचत. त्यांची खोली माझ्या खोलीला लागून होती. नवरा लग्नानंतर दोन वर्षांत प्लेगात गेला, मूल नव्हतं, राहुरीला एक भाची होती. तीस वर्षं ती खोली आणि तो वर्ग, एवढाच त्यांचा संसार.

परीक्षेत नक्कल पकडण्यात त्यांचा हात कोणी धरू शकलं नसतं. एका वर्षी सहावीतल्या दोन मुलींना त्यांनी उभं केलं. दोघींनी भूगोलात लिहिलं होतं की सीना नदी गोदावरीला मिळते. नगरात वाढलेल्या मुली, शाळेच्या पलीकडून सीना वाहते, आणि तिला गोदावरीत नेऊन सोडलेली.

"कोणी कोणाचं बघितलं?"

"नाही बाई, आम्ही आपापलं लिहिलं."

"सीना भीमेला मिळते असं दोघींनी लिहिलं असतं, तर मी काय बोलणार होते? खरं उत्तर सगळ्यांचं सारखंच येतं. चूक मात्र ज्याची त्याची असते. चूकसुद्धा सारखी आली की समजावं, एकीने दुसरीचं बघून लिहिलंय."

धाकटी रडायला लागली. "परीक्षा जवळ आली होती, बाई. अभ्यास झाला नव्हता."

"म्हणून सीनेला उलटी वाहायला लावलीस?"

दोघींना शून्य. ते शून्य मुख्याध्यापिका मडमबाईंच्या शब्दानेही बदललं नाही. एकदा दिलेले गुण बाई खोडत नसत. त्यांच्या तीस वर्षांच्या वह्यांत एक खाडाखोड सापडायची नाही, असं त्या अभिमानाने सांगत.

लढाई सुरू होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा त्यांचे हात सुजायला लागले. आधी बोटांची मुळं, मग मनगटं, दोन्ही बाजूंना सारखीच. सकाळी वेणी घालता येईना, म्हणून मी घालून देऊ लागले. त्या म्हणायच्या, "मी पाचला उठते, मेट्रनबाई. बोटं नऊला उठतात."

शाळा भरायची साडेदहाला, त्यामुळे सुरुवातीला निभलं.

मग औषधं सुरू झाली, आणि ही वही. आपल्याकडे औषधाचा गुण येतो, वैद्याच्या हाताला गुण असतो आणि परीक्षेतही गुणच मिळतात. बाकीचे लोक हे वेगवेगळे समजतात. बाई एकच समजत. कोणी वाटेत विचारलं, "काय बाई, आला का गुण?" की त्या थांबून सांगत, "आला. शंभरापैकी पाच."

ते पाच बिबव्याचे. शेजारच्या आळीतल्या एका म्हातारीने तापवलेला बिबवा मनगटावर टेकवला होता. फोड आला, आठ दिवस नव्या दुखण्यापुढे जुनं दुखणं आठवलं नाही, म्हणून पाच. तापल्या वाळूची पुरचुंडी, बावीस. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल, आठ, आणि पुढे शेरा: 'पोट साफ. सांधे तसेच.' मी रोज सकाळी निर्गुडीचा पाला उकळून त्यांच्या हातांना वाफ द्यायची. त्याचे किती दिले ते त्यांनी सांगितलं नाही. मी वहीत डोकावले. 'मेट्रनबाईंचा शेक: चौदा. पाणी निवेपर्यंत बरं वाटतं.'

चौदा! रोज पहाटे उठून पाला आणायचा मी. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. त्यांनी गुण वाढवले नाहीत.

मिशनच्या दवाखान्यात तेव्हा एक डॉक्टरीणबाई नव्या आल्या होत्या. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं आणि दात काढायला सांगितले. दातांच्या मुळाशी पू असला की त्याचं विष सांध्यांत उतरतं, असं तेव्हा मोठमोठे डॉक्टर मानत.

"कशावरून?" बाईंनी विचारलं.

"पुस्तकात आहे."

"पुस्तकात पुष्कळ असतं. मी भूगोलाची पुस्तकं तीस वर्षं दुरुस्त करते आहे. दात चावण्याचं काम करतात, बोटं लिहिण्याचं. एकाचा गुन्हा आणि दुसऱ्याला शिक्षा कशी?"

शेवटी तडजोड झाली. एकच दात काढायचा आणि वाट बघायची. बाईंनी दात कागदात बांधून घरी आणला. महिनाभर बोटांत फरक पडला नाही. वहीत नोंद आहे: 'दात: शून्य. वर दात गेला.' मला मात्र एका गोष्टीचं नवल वाटलं. डॉक्टरीणबाईंनी पुढे दुसऱ्या दाताचं नाव काढलं नाही. उलट म्हणाल्या, "माझा अंदाज चुकला असेल, बाई. आता या गोळ्या घेऊन बघा."

गोळ्या पांढऱ्या होत्या, ऍस्पिरीनच्या. डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या, "यांनी आजार जाणार नाही. सूज उतरेल, दुखणं उतरेल, तेही रोज घेतल्या तर. जेवणावर घ्यायच्या. कान वाजायला लागले की मला येऊन सांगायचं, मी कमी करीन. शौचाला काळं झालं तर त्याच दिवशी यायचं."

चौथ्या दिवशी बाईंचे कान वाजायला लागले. त्यांनी जाऊन सांगितलं नाही. गोळ्या ट्रंकेत टाकल्या आणि वहीत लिहिलं: 'पांढरी गोळी: पंधरा. परीक्षार्थी स्वतःच म्हणतो की मी पास होणार नाही. शिवाय कान वाजतात.'

मी म्हटलं, "त्यांना सांगायला हवं होतं."

"हात देऊन कान घेणारी ही कोण? मला नाही भरवसा."

त्या हिवाळ्यात मडमबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. मीही तिथे होते, किराणाच्या यादीसाठी. मडमबाई चांगल्या होत्या, आवाज चढवत नसत. "सुवार्ताबाई, फेब्रुवारीत तपासणी आहे. इन्स्पेक्टरसाहेब फळ्यावरचं काम बघतील. तुम्हाला लिहिणं जमलं नाही, तर जूनपासून आपण तुम्हाला विश्रांती देऊ."

बाईंनी 'कशावरून' विचारलं नाही. विश्रांती म्हणजे वर्ग जाणार आणि वर्गाबरोबर खोली जाणार, हे त्यांना पुरतं कळलं होतं. बाहेर आल्यावर त्यांनी व्हरांड्याच्या भिंतीवर बोटाने एक रेघ ओढायचा प्रयत्न केला. मी दुसरीकडे बघितलं.

त्याच आठवड्यात हौसाबाई तिसगावहून पुड्या घेऊन आली. तिचं माहेर तिकडचं. "बुवाच्या हाताला गुन हाय, बाई. दिसातनं तीनदा, जेवल्यावर, कोमट पान्यासंगं." बाईंनी पुड्या घेतल्या. वास घेतला नाही, उजेडात धरल्या नाहीत, आत काय आहे हे विचारलं नाही. नखावर दूध तपासणारी बाई! मला तेव्हाच ते खटकलं होतं. पण मी बोलले नाही. मलाही त्या शेजारी हव्या होत्या.

पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःची वेणी घातली. तपासणीच्या दिवशी फळ्यावर नगर जिल्ह्याचा नकाशा काढला, तालुक्यांसकट, आणि खाली नद्यांची नावं अशी वळणदार लिहिली की इन्स्पेक्टरसाहेब मुलींना म्हणाले, अक्षर कसं असावं ते या फळ्यावर बघा. हौसाबाईने त्या दिवशी सगळ्या बोर्डिंगला गोड शिरा केला.

वहीत मात्र पुडीपुढची जागा कोरी होती. मी विचारलं, "आता का हात आखडता? द्या की शंभर."

"पेपर अजून चालू आहे," बाई म्हणाल्या. "वर्षभर वीस-बावीसच्या पुढे न गेलेला मुलगा एकदम पैकीच्या पैकी घेतो, तेव्हा मी आधी त्याच्या शेजारी कोण बसलं होतं ते बघते."

आणि एके दिवशी भर दुपारी दोनला त्या वर्ग सोडून माझ्या खोलीत आल्या.

"मेट्रनबाई, बाहेर रातकिडे ओरडतायत का?"

"या उन्हात?"

त्या खाटेवर बसल्या. दोन्ही हात कानांवर ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. मग अगदी हळू म्हणाल्या, "सीना गोदावरीला मिळाली."

मला कळायला क्षणभर लागला. पांढऱ्या गोळीचीही हीच चूक होती.

त्यांनी पडताळा घेतला, तोही त्यांच्या पद्धतीने. पुड्या बंद केल्या. रातकिडे थांबले, बोटं पुन्हा सुजली. मग ट्रंकेतल्या दवाखान्याच्या गोळ्या काढल्या, सांगितल्या होत्या तितक्या, जेवणावर. सूज उतरली. चौथ्या दिवशी रातकिडे आले. रविवारची उपासना झाली आणि बाई म्हणाल्या, "उद्या शाळेला सुट्टी आहे. तिसगावला चला माझ्याबरोबर."

पेट्रोलच्या तंगीमुळे तेव्हा सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. करंजीच्या घाटात आमची मोटार दोनदा थांबली आणि सगळ्यांना उतरून चालावं लागलं.

बुवा एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसले होते. पुढे खल, मागे गाडगी, समोर पाच-सहा माणसं. साठीचा, स्वच्छ धोतर नेसलेला माणूस, डोळे हसरे. मी भोंदू बघायला गेले होते. तो चेहरा बघून माझी थोडी निराशाच झाली.

"पुडीत काय आहे?" बाईंनी उभ्यानेच विचारलं.

"सुंठ, गुळयेल, एरंडाचं मूळ."

"आणखी?"

"आन् गुरूचा आशीर्वाद."

"तो पांढरा असतो का?"

बुवांचा खल थांबला. बाई पुढे म्हणाल्या, "दवाखान्याच्या गोळीचे रातकिडे आणि तुमच्या पुडीचे रातकिडे एकाच झाडावरचे आहेत. खरं सांग, कोणाचं बघून लिहिलंस?"

शेवटचं वाक्य सवयीने निघालं. समोर बुवा आहे, सहावीतली मुलगी नाही, हे त्या विसरल्या.

"मला लिवता येत न्हाई, बाई," बुवा म्हणाले. मग समोरच्या लोकांना थोडं लांब बसायला सांगितलं आणि आवाज उतरवला. "भिंगारच्या बाजारात डबं मिळत्यात गोळ्यांचं. कुटून घालतो. खोटं कशाला बोलू?"

"लोकांना का सांगत नाही?"

"पांढरी गोळी दिली की मानूस इचारतो, किती दिस खायाची? जलमभर म्हनलं की उठून जातो. राखाडी दिली की काय बी इचारत न्हाई, गपगुमान खातो. गुन तर त्योच येतो." त्यांनी बाईंच्या हातांकडे बघितलं. "तुमी शिकल्या-सवरल्या. तुमी तरी इचारलं व्हतं का पहिल्या दिशी?"

बाईंनी हात पदराखाली घेतले.

तेवढ्यात लांब बसलेली एक म्हातारी म्हणाली, "बुवा, मला आवरा आदी. पोटात आग पडलीया. दोन दिस झालं, शेनावानी काळं पडतंय."

बाई झटक्यात वळल्या. म्हातारीची खालची पापणी ओढून बघितली, हा प्रकार त्या दवाखान्यात बघून शिकल्या होत्या. मग बुवांना म्हणाल्या, "हिला आमच्याबरोबर नगरला पाठवा. आजच. आणि काळं पडलं की पुडी बंद, एवढं तरी प्रत्येकाला सांगत जा."

"सांगितलं तर इस्वास उडंल, बाई. मग कोन यील माज्याकडं?"

"काळं पडलेला माणूस तरी परत कुठे येणार आहे?"

बुवांनी खल बाजूला सारला आणि म्हातारीबरोबर आलेल्या मुलाला हाक मारली. पुढे ते लोकांना सांगत होते की नाही, मला माहीत नाही. मला शंका आहे.

परतीच्या मोटारीत म्हातारी आमच्या दोघींच्या मध्ये डोळे मिटून बसली होती. घाट उतरल्यावर बाई म्हणाल्या, "मी त्याला विचारलं नाही, मेट्रनबाई."

"तपासणी जवळ आली होती," मी म्हटलं.

"मुलीही हेच सांगतात."

म्हातारीला दवाखान्यात ठेवून घेतलं आणि ती वाचली. तिला पोचवून बाई तिथेच डॉक्टरीणबाईंसमोर बसल्या. "तुमचा पेपर मी चुकीचा तपासला," त्या म्हणाल्या, "तुम्ही कान वाजले की या म्हणाला होतात. मी आले नाही." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्यांचं शहाणपण. त्यांनी गोळ्या ठरवून दिल्या: हळूहळू वाढवायच्या, कान वाजले की एक मागे यायचं, तिथेच राहायचं. झोपताना मनगटाला पट्टी. सकाळी बोटांचे व्यायाम. बाईंनी विचारलं, "पुण्या-मुंबईकडे सोन्याची इंजेक्शनं देतात म्हणे?"

"देतात. काहींना बरं वाटतं, काहींची मूत्रपिंडं बिघडतात. तुम्हाला कोणतं होईल, मला माहीत नाही."

"कशावरून माहीत नाही?" असं काही बाई विचारतील म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी फक्त मान हलवली. माहीत नाही म्हणणारं माणूस त्यांना औषधांच्या या साऱ्या फेऱ्यात पहिल्यांदाच भेटलं होतं.

वहीतली ती एकच खाडाखोड माझ्यासमोर आहे. 'पंधरा'वर एक सरळ रेघ, बाजूला 'चाळीस', आणि खाली सही. पुडीपुढे लिहिलंय: 'शून्य. नक्कल.' आणि त्याखाली, बारीक अक्षरात: 'तपासनीसाचेही शून्य.'

चाळीस म्हणजे पास होण्यापुरते, आणि तेवढंच झालं. बाईंना वर्गात आणखी दोन वर्षं मिळाली. आजार गेला नाही. बोटं हळूहळू करंगळीकडे कलत गेली, खडू दोन्ही तळव्यांत धरून लिहावं लागलं, मग तेही राहिलं. त्यांनी स्वतःच मडमबाईंना जाऊन सांगितलं की आता विश्रांती द्या.

राहुरीला भाचीकडे निघाल्या तेव्हा मी स्टेशनवर पोचवायला गेले. गाडीत बसल्यावर त्यांनी तिकीट दोन मुठींत धरलं, खिडकीच्या उजेडात नेलं आणि तारीख तपासली. मग ही वही माझ्याकडे दिली.

"मला कशाला?"

"राहू द्या." त्यांची नजर माझ्या हातांवर होती. "मेट्रनबाई, तुमची बोटं सकाळी कितीला उठतात?"

"पाचला. माझ्याबरोबर."

"कशावरून?"

गाडी हलली. मी हसले. त्या हसल्या नाहीत. मुठीतलं तिकीट पुन्हा उजेडात धरून त्यांनी दुसरी बाजू बघायला घेतली. त्यानंतर मी त्यांना बघितलं नाही. पुढल्या पावसाळ्यात भाचीचं पत्र आलं. मी आधी शिक्क्याची तारीख बघितली, मग वाचलं.

दुपारनंतर मी गाद्या मोठ्या मुलींकडून शिवून घेतल्या, शेजारी उभी राहून. टाके वीतभर पडले ते उसवायला लावले.

७ डिसेंबर. सकाळी मी हौसाबाईला पुडी परत दिली आणि सांगितलं, भावजयीला निरोप धाड: कान वाजतात का, शौचाला काळं पडतं का. काळं पडत असेल तर तडक इकडे घेऊन ये. मग निर्गुडीचा पाला उकळला आणि पातेल्यावर हात धरले. बोटं अर्धी मिटली. पाणी निवलं, तशी पुन्हा आखडली. चौदा बरोबर होते. हात पदराला पुसले आणि दवाखाना उघडायच्या आधीच रांगेत जाऊन बसले.